लोंढा आणि कुटुंब : हैतीच्या ‘फान्मी लावालास’ पक्षाची कहाणी

सभागृहात आलेले श्रोते आणि घरी बसून ऐकणारे मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण हैतीतल्या गुलामांच्या क्रांतीपर्यंत येऊन थांबलो होतो. १७९१ मध्ये सुरू झालेला तो उठाव १८०४ च्या १ जानेवारीला स्वतंत्र राष्ट्राच्या घोषणेपर्यंत पोचला. व्याख्यान संपल्यावर काही जणांनी विचारलं, ‘सर, एवढी मोठी क्रांती ज्यांनी केली, त्यांच्या देशाचं पुढे असं का व्हावं?’ प्रश्न रास्त आहे, पण त्याचं पुरतं उत्तर एका तासात मावणारं नाही. म्हणून आज आपण एकच धागा धरू. तो धागा म्हणजे एक राजकीय पक्ष, फान्मी लावालास.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्ही इतिहासाचे नव्हे, तत्त्वज्ञानाचे शिक्षक. सनावळी सांगता सांगता ‘बहुमत म्हणजे नेमकं कशाचं बहुमत?’ असल्या प्रश्नापाशी आमचं गाडं अडतं. आज मात्र ते अडणं विषयाला सोडून होणार नाही, कारण या पक्षाचं नशीब फिरलं ते बऱ्याच अंशी एका भागाकारामुळे. तो भागाकार पुढे येईलच.

आधी नावाचा अर्थ पाहू. हैतीची लोकभाषा क्रेयोल. तिच्यात ‘लावालास’ म्हणजे लोंढा. हैतीचे डोंगर उघडेबोडके झालेले आहेत. मोठा पाऊस झाला की पाणी जिरत नाही, ते माती, दगड, केरकचरा सगळं घेऊन खाली धावतं, आणि खाली, समुद्राच्या पातळीला, राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या गरिबांच्या वस्त्या आहेत. आपल्याकडेही ‘लोंढे’ हा शब्द माणसांना लावतात, आणि तो बहुधा कौतुकाने लावत नाहीत. हैतीत गरिबांनीच तो शब्द उचलला आणि स्वतःला अभिमानाने लावून घेतला. एकटा थेंब काय करणार, पण सगळे मिळून आलो तर वरची घाण धुऊन नेऊ, असा त्याचा भाव. ‘फान्मी’ म्हणजे कुटुंब. लोंढ्याचं कुटुंब! शब्दांची जोडी विचित्र वाटते ना? लोंढा कुणाचा नसतो. कुटुंबाला मात्र कर्ता पुरुष असतो, उंबरा असतो, आतले कोण आणि बाहेरचे कोण हे ठरलेलं असतं. लोंढ्याचं कुटुंब होताना काय झालं, हीच आजची गोष्ट.

पार्श्वभूमी थोडक्यात. स्वातंत्र्यानंतर २१ वर्षांनी, १८२५ मध्ये, फ्रान्सने आरमार पाठवून हैतीकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई कबूल करून घेतली. कशाची भरपाई? तर गुलाम-मालकांच्या बुडालेल्या मालमत्तेची, आणि त्या मालमत्तेत खुद्द ती माणसंही मोजलेली! १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आणली, पण ती फेडायला काढलेल्या कर्जांनी पुढच्या कित्येक पिढ्यांचं कंबरडं मोडलं. १९१५ ते १९३४ देश अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता. १९५७ मध्ये फ्रान्स्वा दुवालिये नावाचे डॉक्टर निवडून आले आणि १९६४ मध्ये तहहयात अध्यक्ष झाले. त्यांच्या खासगी सैन्याला लोक ‘तोंतों माकूत’ म्हणत. ही हैतीतल्या आज्यांच्या गोष्टीतली आसामी: द्वाड पोरांना झोळीत घालून नेणारा काका. आपला बागुलबुवाच म्हणा. फरक एवढाच की हा बागुलबुवा खरा होता आणि त्याच्याकडे बंदूक होती. १९७१ मध्ये फ्रान्स्वा वारले आणि १९ वर्षांचा मुलगा ज्याँ-क्लोद गादीवर बसला. १९८६ च्या ७ फेब्रुवारीला, लोक रस्त्यावर उतरल्यावर, तो अमेरिकी विमानातून पळून गेला.

हे लोक रस्त्यावर कसे आले? त्यात मोठा वाटा होता चर्चच्या आश्रयाने वाढलेल्या छोट्या छोट्या मंडळांचा. क्रेयोलमध्ये त्यांना ‘ती लेग्लिझ’ म्हणत, म्हणजे छोटं चर्च. बायबल वाचायचं आणि वाचता वाचता आपल्या गरिबीचं कारण विचारायचं. लॅटिन अमेरिकेतल्या मुक्तीच्या धर्मविचाराचं हे हैतीतलं रूप. यातच ज्याँ-बेर्त्राँ आरिस्तीद नावाचा तरुण पाद्री पुढे आला. जन्म १९५३ चा, दक्षिणेकडच्या पोर-सालूचा. राजधानीत ला सालीन या झोपडपट्टीला लागून असलेल्या सेंट ज्याँ बॉस्को चर्चमध्ये तो प्रवचनं करायचा, तीही साहेबी फ्रेंचमध्ये नव्हे, तर क्रेयोलमध्ये. त्यात म्हणी, कोपरखळ्या, कोडी. ‘तू मून से मून’ ही हैतीतली एक म्हण. म्हणजे प्रत्येक माणूस हा माणूसच आहे. आम्ही वर्गात कांट शिकवताना हेच सांगायला दोन तास घ्यायचो!

दुवालिये गेला, पण त्याचं सैन्य राहिलं. १९८७ मध्ये सार्वमताने नवी राज्यघटना आली, क्रेयोलला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला निवडणूक होती. मतदानाला रांगेत उभ्या असलेल्या लोकांवर बंदूकधाऱ्यांनी गोळ्या झाडल्या आणि निवडणूक त्याच दिवशी रद्द झाली. पुढच्या वर्षी ११ सप्टेंबरला आरिस्तीद प्रार्थना चालवत असताना त्यांच्या चर्चवर हल्ला झाला. किमान १३ माणसं मारली गेली, चर्च जाळलं गेलं. आरिस्तीद वाचले. काही महिन्यांतच त्यांच्या धर्मसंघाने त्यांना काढून टाकलं. ठपका असा की हा राजकारण करतो.

आता १९९० कडे या. निवडणूक १६ डिसेंबरला. डाव्या-लोकशाहीवादी पक्षांची एक आघाडी होती, तिचं चिन्ह कोंबडा. तिचा उमेदवार ठरलेला होता. मतदानाला दोन महिने असताना त्याने माघार घेतली आणि आरिस्तीद उभे राहिले. नावनोंदणीला एकच झुंबड उडाली. निकाल लागला तेव्हा आरिस्तीद यांना सुमारे ६७ टक्के मतं होती. अमेरिकेला बरे वाटणारे, जागतिक बँकेत काम केलेले मार्क बाझें दुसरे आले, सुमारे १४ टक्क्यांवर. १९९१ च्या ७ फेब्रुवारीला, दुवालिये पळाल्याच्या बरोबर पाच वर्षांनी, झोपडपट्टीतला पाद्री राष्ट्राध्यक्ष झाला.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा. आघाडीला वाटलं, आपण जिंकलो. आरिस्तीदना वाटलं, लोक जिंकले. आघाडी ही नुसती निवडणूक अर्जावरची मोहोर. लोंढ्याने उमेदवार निवडून दिला होता, पण संसदेत लोंढ्याचा पक्ष नव्हता. आरिस्तीदनी आघाडीला बाजूला ठेवून जवळच्या माणसांचं मंत्रिमंडळ केलं, रने प्रेवाल यांना पंतप्रधान नेमलं. ऑगस्टमध्ये संसदेत प्रेवाल यांच्यावर अविश्वास ठराव यायला लागला, तेव्हा बाहेर जमाव जमला आणि खासदारांना धमकावलं गेलं. ठराव मागे पडला. आता हे लोकशाहीचं रक्षण होतं की लोकशाहीची अडवणूक? ज्यांनी १९८७ च्या रांगेतली प्रेतं पाहिली होती, त्यांना तो जमाव म्हणजे आपली एकमेव ढाल वाटली. खासदारांना तोच जमाव जुन्या झोळीवाल्या काकाची आठवण देऊन गेला. दोघांचंही खरं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी, २७ तारखेला, आरिस्तीदनी केलेलं भाषण फार गाजलं. हैतीत तेव्हा शत्रूच्या गळ्यात जळतं टायर घालण्याचा भीषण प्रकार होता. भाषणात एका ‘सुंदर साधना’चा गौरव होता. टीकाकार म्हणाले, हे टायरचंच कौतुक. समर्थक म्हणाले, ते राज्यघटनेबद्दल बोलत होते. तीन दिवसांनी, ३० सप्टेंबरला, सैन्याने जनरल राऊल सेद्रास यांच्या नेतृत्वाखाली सत्ता घेतली. या भाषणामुळे बंड झालं असं काही जण सांगतात. पण लष्करी बंडाची तयारी तीन दिवसांत होत नसते. भाषण सैन्याला निमित्त म्हणून उपयोगी पडलं. आरिस्तीदवर मात्र तो डाग कायमचा राहिला, आणि त्याला ते स्वतःच जबाबदार होते.

पुढची तीन वर्षं रक्ताची. लष्करी राजवटीत मारल्या गेलेल्यांचे अंदाज ३,००० ते ५,००० असे आहेत. मेले ते बहुतेक ला सालीन, सिते सोलेय असल्या वस्त्यांतले, लावालासचे. हजारो लोक होड्यांतून अमेरिकेकडे निघाले. अमेरिकी तटरक्षकांनी अनेकांना परत पाठवलं, अनेकांना ग्वांतानामोच्या तळावर ठेवलं. अखेर सप्टेंबर १९९४ मध्ये सुमारे २०,००० अमेरिकी सैनिक हैतीत उतरले आणि १५ ऑक्टोबरला आरिस्तीद परतले. १९९५ मध्ये त्यांनी सैन्यच बरखास्त केलं. आपल्या मते हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी निर्णय.

पण परतीचं तिकीट फुकट नव्हतं. देणगीदार देशांनी आणि जागतिक संस्थांनी अटी घातल्या होत्या: सरकारी उद्योग विका, आयात खुली करा. तांदळावरचा आयातकर ३ टक्क्यांवर आला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हैती आपल्याला लागणारा बहुतेक तांदूळ स्वतः पिकवत होता. आता अमेरिकेतला, सरकारी मदतीवर पोसलेला तांदूळ स्वस्तात येऊन पडला. लोक त्याला ‘मायामी तांदूळ’ म्हणत. आर्तिबोनीत खोऱ्यातला शेतकरी मोडला आणि शहरातल्या वस्त्यांत आला. २०१० मध्ये बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे या धोरणातली आपली चूक कबूल केली. कबुलीला उशीर झाला होता, शेतकरी तोवर शेतावर उरला नव्हता.

आता पक्षाच्या जन्माकडे येऊ. आरिस्तीद परतले तेव्हा त्यांच्या पाच वर्षांतली तीन वनवासात गेली होती. ही वर्षं भरून मिळावीत अशी समर्थकांची मागणी होती. अमेरिकेला आणि स्वतःच्याच गोटातल्या बऱ्याच जणांना ती मान्य नव्हती. घटनेप्रमाणे लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नव्हतं. १९९५ च्या अखेरीस प्रेवाल निवडून आले आणि १९९६ च्या ७ फेब्रुवारीला एका निर्वाचित अध्यक्षाने दुसऱ्या निर्वाचित अध्यक्षाकडे शांतपणे सत्ता दिली.

लावालास चळवळीची तोवर एक संघटना झाली होती, ‘लावालास राजकीय संघटना’. तिचे नेते जेरार पिएर-शार्ल हे अभ्यासू, जुने डावे. त्यांना हवा होता रीतसर पक्ष: सभासद, ठराव, शिस्त. आरिस्तीदना हवी होती आपल्या शब्दावर उठणारी चळवळ. खासगीकरणावरूनही फाटलं. नोव्हेंबर १९९६ मध्ये आरिस्तीदनी वेगळी चूल मांडली, तीच फान्मी लावालास. जुन्या संघटनेने आद्याक्षरं तीच ठेवून नावातला ‘लावालास’ शब्द काढला आणि तिथे ‘संघर्षरत जनता’ असा अर्थ बसवला. भाऊबंदकीत आडनाव बदलावं तसं. कालचे सोबती आता एकमेकांचे सर्वांत कडवे वैरी झाले.

एप्रिल १९९७ च्या सिनेट निवडणुकीला जेमतेम ५ टक्के लोक आले. तिथे कोऱ्या मतपत्रिका हिशेबात धरायच्या की नाही यावरून तंटा लागला. जूनमध्ये पंतप्रधानांनी राजीनामा दिला, आणि जानेवारी १९९९ मध्ये मुदत संपलेली संसद प्रेवालनी मोडीत काढली. कारभार हुकमांवर चालू लागला.

आता तो भागाकार. २१ मे २००० ची निवडणूक. सिनेटसाठी नियम असा की पहिल्याच फेरीत निवडून यायचं तर निम्म्याहून जास्त मतं हवीत. नाहीतर दुसरी फेरी. मतदान चांगलं झालं, निम्म्याहून बरेच अधिक मतदार आले. लावालास जोरात पुढे होता, याबद्दल विरोधक सोडून कुणाला फारशी शंका नव्हती. पण टक्केवारी काढताना निवडणूक मंडळाने सगळ्या उमेदवारांची मतं छेदात धरली नाहीत. पहिल्या चार उमेदवारांचीच धरली.

शाळेतलं अंश-छेदाचं गणित आठवा. एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा एकूण १ लाख मतं. पहिल्याला ४२ हजार, पुढच्या तिघांना मिळून ३० हजार आणि उरलेल्या किरकोळ उमेदवारांना २८ हजार. सगळी मतं छेदात घेतली तर पहिल्याला ४२ टक्के, म्हणजे दुसरी फेरी. पहिल्या चौघांचीच घेतली तर ७२ हजारांपैकी ४२ हजार, म्हणजे ५८ टक्के, विजयी! अंश तोच, मतपेट्या त्याच. छेद बदलला आणि निकाल बदलला.

अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेच्या निरीक्षकांनी यावर बोट ठेवलं. वाद सिनेटच्या मूठभर जागांचा होता, आणि त्यातल्या बहुतेक लावालास दुसऱ्या फेरीतही जिंकलाच असता. निवडणूक मंडळाचे अध्यक्ष लेओं मानूस हे ७८ वर्षांचे गृहस्थ. त्यांनी या निकालांवर सही करायला नकार दिला, आणि आपल्यावर दबाव व धमक्या आल्याचं सांगत देश सोडून गेले. श्रोतेहो, आम्ही स्वतः आता सत्तरी ओलांडली आहे. त्या वयात एका टक्केवारीपायी घरदार सोडणं म्हणजे काय, याची थोडीफार कल्पना करता येते.

मग लावालासने दुसरी फेरी का घेतली नाही? आम्हाला वाटतं, इथे ‘कुटुंबा’चा स्वभाव आडवा आला. लोक आपलेच आहेत हे इतकं गृहीत होतं की ते मोजून दाखवण्याची गरजच वाटली नाही. मोजणी हा उपचार, कौल ही खरी गोष्ट. पण लोकशाहीत कौलाला मोजणीपलीकडे दुसरा पुरावा नसतो. गांभीर्याने न घेतलेला उपचार उद्या शत्रूच्या हातात शस्त्र म्हणून जातो, आणि इथे नेमकं तेच झालं.

विरोधकांनी एकत्र येऊन नोव्हेंबर २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीवर बहिष्कार टाकला. आरिस्तीद सुमारे ९२ टक्के मतं घेऊन आले. मतदान किती झालं यावर मात्र एकमत नाही. सरकारी आकडा ६० टक्क्यांच्या आसपास, विरोधकांचा त्याच्या कितीतरी खाली. सिनेटच्या वादाचं कारण पुढे करून अमेरिकेने आणि इतरांनी मदत गोठवली. आंतर-अमेरिकी विकास बँकेची सुमारे १४.६ कोटी डॉलरची मंजूर कर्जं अडकून पडली. ती होती पाणी, आरोग्य, शिक्षण आणि रस्ते यांसाठीची. २००१ मध्ये वादातल्या सात सिनेटरांनी राजीनामेही दिले, तरी मदत मोकळी झाली नाही. विरोधकांना तडजोडीची घाई नव्हती. निवडणुकीत जे मिळणार नाही ते कोंडीतून मिळेल, असा त्यांचा हिशेब.

लावालासच्या दुसऱ्या सत्ताकाळाबद्दल दोन्ही बाजू सांगायला हव्यात. साक्षरतेचे वर्ग चालले, शाळा निघाल्या, क्यूबाचे डॉक्टर खेडोपाडी गेले, ताबारला वैद्यकीय विद्यापीठ सुरू झालं. किमान वेतन ३६ गूर्दवरून ७० गूर्द झालं. ज्या वोदू धर्माला शतकभर हिणवलं गेलं त्याला एप्रिल २००३ मध्ये कायद्याने मान्यता मिळाली.

दुसरी बाजू काळी आहे. ३ एप्रिल २००० रोजी ज्याँ दोमिनिक या नामवंत रेडिओ पत्रकाराची त्यांच्या स्टेशनच्या आवारात हत्या झाली. ते लावालास चळवळीचे जुने मित्र, पण सत्तेतल्या भ्रष्टाचारावर बोलणारे. संशयाची सुई लावालासच्या एका सिनेटरकडे वळली. त्यांनी आरोप नाकारला. तपास पुढे नेणाऱ्या न्यायाधीशाला देश सोडावा लागला. डिसेंबर २००१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर सशस्त्र हल्ला झाला आणि त्याचा सूड म्हणून विरोधी पक्षांची कार्यालयं जाळली गेली. झोपडपट्टीतल्या सशस्त्र टोळ्यांना आता ‘शिमेर’ म्हणू लागले. या टोळ्या पक्षाने पोसल्या की पक्षाचं नाव वापरून स्वतः वाढल्या? दोन्ही घडलं. सैन्य बरखास्त केलेलं, पोलीस दल तुटपुंजं आणि पोखरलेलं, शत्रू सीमेपलीकडे शस्त्रं जमवतोय; अशा वेळी ज्याच्या हाती बंदूक तो आपला, हा मोह सरकारला आवरला नाही. ५ डिसेंबर २००३ ला सरकारच्या समर्थकांनी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर हल्ला केला आणि कुलगुरूंचे पाय मोडले. आमचं सगळं आयुष्य विद्यापीठात गेलं. ती घटना आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. ७ एप्रिल २००३, तुसँ लुव्हर्त्युर यांची दोनशेवी पुण्यतिथी. आरिस्तीदनी जाहीर मागणी केली की १८२५ च्या त्या भरपाईचे पैसे फ्रान्सने परत करावेत. आकडाही दिला: २१ अब्ज ६८ कोटी ५१ लाख ३५ हजार ५७१ डॉलर आणि ४८ सेंट. त्या ४८ सेंटवर युरोपात हसले. पण हैतीकडून पैसे घेताना तरी फ्रान्सने कुठे सूट ठेवली होती?

शेवट गोनाईव्ह शहरातून सुरू झाला, जिथे १८०४ ची स्वातंत्र्यघोषणा झाली होती. तिथे आमियो मेतायेची टोळी लावालासची समजली जायची. सप्टेंबर २००३ मध्ये त्याचा खून झाला. टोळीने खुनाचा आळ सरकारवर घेतला आणि ती उलटली. ५ फेब्रुवारी २००४ ला तिने शहर ताब्यात घेतलं. मग सीमेपलीकडून जुन्या सैन्यातली आणि १९९१ नंतरच्या मारेकरी पथकांतली माणसं आली. २९ फेब्रुवारीच्या पहाटे आरिस्तीद अमेरिकी विमानात बसून मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात पोचले.

ते गेले की नेले गेले? अमेरिका म्हणाली, राजीनामा देऊन स्वेच्छेने गेले. ते म्हणाले, पळवलं. त्यांच्या सहीचं क्रेयोल पत्र आहे. पण अमेरिकी सरकारने ज्या क्रेयोलच्या अभ्यासकाकडे ते पाठवलं, त्यांच्याच मते त्यातलं वाक्य ‘जर-तर’चं आहे, सरळ राजीनाम्याचं नाही. एका सरकारचं भवितव्य एका अव्ययावर येऊन ठेपलं! कॅरिबियन राष्ट्रांनी चौकशी मागितली, ती झाली नाही. २०२२ मध्ये फ्रान्सचे तेव्हाचे राजदूत तिएरी बुर्कार यांनी न्यूयॉर्क टाइम्सपाशी मान्य केलं की फ्रान्स आणि अमेरिका यांनी मिळून केलेला तो प्रत्यक्षात सत्तापालटच होता.

पुढची दोन वर्षं लावालासच्या माणसांसाठी १९९१ ची पुनरावृत्ती. पंतप्रधान इवों नेप्त्यून दोन वर्षं तुरुंगात होते. २००८ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने त्यांच्या बाबतीत हैती सरकारला दोषी धरलं.

आणि आता गंमत पाहा. फेब्रुवारी २००६ मध्ये निवडणूक झाली. लावालासच्या गरीब मतदारांनी प्रेवाल यांना मतं दिली, जरी ते वेगळ्या झेंड्याखाली होते. मोजणीत ते ४९ टक्क्यांच्या जरा खाली अडकले, दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार १२ टक्क्यांच्या आसपास. कचऱ्याच्या ढिगात जळक्या मतपत्रिका सापडल्या, राजधानी रस्त्यावर आली. मग तोडगा निघाला: कोऱ्या मतपत्रिका सगळ्या उमेदवारांत त्यांच्या प्रमाणात वाटून टाकायच्या. प्रेवाल ५१.१५ टक्क्यांवर गेले, विजयी झाले, आणि जगाने टाळ्या वाजवल्या.

२००० मध्ये छेद बदलला तेव्हा तो लोकशाहीचा खून ठरला. २००६ मध्ये बदलला तेव्हा शहाणपणाची तडजोड. दोन्ही प्रसंग अगदी सारखे आहेत असं आम्ही म्हणत नाही. दुसऱ्या उमेदवाराला दिलेलं मत गाळणं आणि कोरी मतपत्रिका वाटून टाकणं यांत नैतिक फरक आहे. पहिल्यात कुणाचा तरी दिलेला आवाज पुसला जातो. पण त्या फरकासाठी एका देशाचं पिण्याचं पाणी तीन वर्षं अडवावं, एवढा तो मोठा होता का? हा प्रश्न आम्ही तुमच्याकडे सोपवतो.

त्यानंतर पक्षाला मारलं ते बंदुकीने नव्हे, कागदाने. २००९ च्या सिनेट निवडणुकीत निवडणूक मंडळाने लावालासला बाद केलं. पक्षाकडून दोन परस्परविरोधी याद्या गेल्या होत्या, आणि मंडळ म्हणालं, पक्षप्रमुखाची अस्सल सही आणा. पक्षप्रमुख दक्षिण आफ्रिकेत, वनवासात! मतदानाचा सरकारी आकडाच ११ टक्के होता. २०१० च्या निवडणुकीतही पक्ष बाहेर. पण इथेही थांबून बघा: एका माणसाच्या सहीवाचून पक्ष अडतो, हा दोष एकट्या मंडळाचा होता का? कर्त्याशिवाय कुटुंबाला सही करता येत नव्हती.

१८ मार्च २०११ ला आरिस्तीद मायदेशी परतले. पुढे डॉ. मारीस नार्सिस या पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवार होत्या. २०१६ मध्ये त्या चौथ्या आल्या, सुमारे ९ टक्के मतांवर. त्याहून बोलका आकडा दुसरा: एकूण मतदानच २१ टक्क्यांच्या आसपास झालं. १९९० च्या त्या रांगा कुठे गेल्या? लोंढा दुसऱ्या पक्षाकडे वळला नाही, तो जमिनीत जिरून गेला.

एक प्रश्न पडद्यावर आलेला दिसतो: ‘सर, मग चूक कुणाची, आरिस्तीद यांची की परकीयांची?’ परकीयांचा आणि स्थानिक धनिकांचा दोष मोठा आहे. ज्या पक्षाला मतपेटीतून हरवता येत नव्हतं त्याला त्यांनी दोनदा मतपेटीबाहेर हरवलं, आणि त्यातून गरिबांना शिकवलं की मत देऊन काही होत नाही. पण लावालासचा दोष त्यामुळे धुतला जात नाही. विरोधकालाही ‘तू मून से मून’ लागू आहे, हे सत्तेत आल्यावर पक्ष विसरला. जो एरवीही जिंकणार होता, त्याने नियमाने जिंकून दाखवणं ही गरिबांप्रती त्याची जबाबदारी होती. कारण नियम मोडल्याची किंमत शेवटी त्यांनीच भरली.

शेवटचं सांगून थांबतो. आरिस्तीद आपल्या प्रवचनांत जेवणाच्या टेबलाचा दृष्टान्त देत: मूठभर लोक टेबलाशी, बाकीचे सगळे टेबलाखाली, सर्वांना टेबलाशी जागा हवी. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची हत्या झाली, टोळ्यांनी राजधानीचा मोठा भाग गिळला, आणि एप्रिल २०२४ मध्ये नऊ जणांची हंगामी अध्यक्षीय परिषद नेमली गेली. तिच्यात एक खुर्ची फान्मी लावालासची होती. लेस्ली व्होल्तेर हे तिचे प्रतिनिधी ऑक्टोबर २०२४ पासून मार्च २०२५ पर्यंत परिषदेचे प्रमुखही होते. म्हणजे पक्षाला अखेर टेबलाशी जागा मिळाली. पण त्या खुर्च्या कुणी मतं देऊन मांडलेल्या नव्हत्या, आणि ला सालीनची माणसं होती तिथेच होती.

पुढच्या वेळी १८२५ च्या कर्जाकडे सविस्तर वळू. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सने त्यासाठी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला आहे. त्या निमित्ताने जुने हिशेब उघडून बघता येतील.